बेतुलला ऊर्जा सप्ताह भरतो, पण जहाज आलं नाही तर कोण कोणाला बांधील?

मांडवीकाठ (धागाकर्ता)
२९ ऑगस्ट २०२५, रात्री १०.१५

मंडळी, चवथीच्या शुभेच्छा. दीड दिवसाचे गणपती पोचवून झाले असतील. ज्यांच्याकडे पाच-सात दिवसांचे आहेत त्यांनी दोन आरत्यांच्या मध्ये वाचावं, घाई नाही.

ऐन चवथीच्या दिवशी, २७ तारखेला, अमेरिकेने आपल्या मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. त्यातले २५ टक्के आपण रशियाचं तेल घेतो म्हणून. टीव्हीवरच्या आरडाओरड्यात मला रस नाही. माझा प्रश्न असा की तेल आणि वायू या बाबतीत देशांनी एकमेकांशी कसं वागावं, याला जगात काही नियम आहेत का? आणि असले तर त्यात आपण कुठे बसतो?

विषय आपल्या अंगणातला आहे. येत्या २७ ते ३० जानेवारीला इंडिया एनर्जी वीक पुन्हा आपल्या गोव्यातल्या बेतुलला, ओएनजीसीच्या संस्थेत भरणार आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत तिथेच भरला होता, तेव्हा केपे-कुंकळ्ळीच्या रस्त्यावर गाड्यांचे ताफेच ताफे. त्या गर्दीत एक फार मोठी सही झाली. पेट्रोनेट या गॅस आयात करणाऱ्या कंपनीने कतारशी वर्षाला ७५ लाख टन एलएनजीचा (जहाजाने येणाऱ्या द्रवरूप वायूचा) करार वाढवून घेतला, २०२८ पासून पुढची वीस वर्षं. म्हणजे २०४८ पर्यंतच्या आपल्या गॅसचा एक मोठा हिस्सा बेतुलच्या माळावर ठरला. त्याआधी जुलै २०२३ मध्ये जी-२० चे ऊर्जामंत्रीही गोव्यातच बसले होते. २९ पैकी २२ परिच्छेदांवर एकमत झालं, सातांवर अडलं. अडलं ते अर्थातच कोळसा-तेल कमी करण्यावर आणि युक्रेनवर. संयुक्त निवेदन निघालंच नाही, ‘अध्यक्षांचा सारांश’ काढून वेळ मारून नेली.

हॉल आपला, जेवणावळ आपली, आणि देण्याघेण्याची बोलणी दुसऱ्यांची, असं काहीसं वाटतं.

आता नियमांकडे. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं आणि तीन डॉलरचं पिंप काही महिन्यांत साडेअकरावर गेलं. हबकलेल्या श्रीमंत ग्राहक देशांनी नोव्हेंबर १९७४ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था (आयईए) काढली. तिची मुख्य अट साधी आहे. प्रत्येक सदस्याने निव्वळ आयातीच्या ९० दिवसांइतका साठा ठेवायचा आणि आणीबाणीत सगळ्यांनी मिळून तो बाजारात सोडायचा. १९९१ चं आखाती युद्ध, २००५ चं कतरिना वादळ, २०११ चा लिबिया, आणि २०२२ मध्ये युक्रेनमुळे दोनदा असं झालं. २०२२ च्या दोन खेपांत मिळून अठरा कोटींहून जास्त पिंपं सोडली.

भारत २०१७ पासून तिथे ‘सहयोगी’ आहे. पूर्ण सदस्यत्वाची मागणी आपण ऑक्टोबर २०२३ मध्ये केली. गोम अशी की सदस्य व्हायला ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेत असावं लागतं, आणि आपण तिथे नाही. जगातला तिसरा मोठा तेलग्राहक, ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणणारा, तो दाराबाहेर उभा.

सरकारी राखीव साठा म्हणाल तर विशाखापट्टणम, मंगळूर आणि पाडूर इथल्या खडकातल्या गुहांत मिळून ५३ लाख टनांची जागा. देशाच्या गरजेचे साडेनऊ दिवस. तेल कंपन्यांच्या टाक्या धरून सरकार ७४ दिवस सांगतं. मंगळूर-पाडूर गोव्यापासून कोकण रेल्वेने काही तासांवर. म्हणजे आपल्या भागाचा खरा आधार बेतुलच्या मंडपापेक्षा त्या गुहांत जास्त आहे.

माझं मत: पॅरिसच्या खुर्चीचं अप्रूप नको, पण त्या ९० दिवसांच्या शिस्तीचं हवं. ती आपण कोणी न सांगता पाळली पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

---

डिचोलीकर
२९ ऑगस्ट, रात्री ११.०२

पहिला!

लेख उत्तम, पण मत पटलं नाही. आयईए हा ग्राहकांचा क्लब, तोही श्रीमंतांचा. आपलं तेल येतं ते इराक, सौदी, अमिरात आणि आता सर्वाधिक रशियाकडून. विकणाऱ्यांची ओपेक १९६० पासून आहे, बगदादला स्थापन झालेली. वाण्याच्या विरोधात गिऱ्हाइकांची युनियन करून वाण्याकडेच उधारीवर माल मागायला जायचं?

२०२२ पासून आपण रशियाचं तेल सवलतीत उचललं ते कुठल्या संस्थेला विचारून? युक्रेन युद्धाआधी दोन टक्केसुद्धा नव्हतं, नंतर पस्तीस-चाळीस टक्क्यांवर गेलं. सदस्य असतो तर तेव्हा गळ्यात दोरी पडली असती.

आणि साठ्याचं म्हणाल तर एप्रिल-मे २०२० मध्ये आपण गुहा काठोकाठ भरल्या, सरासरी १९ डॉलरने. पाच हजार कोटी वाचले. एकट्याने केलं ना?

---

मांडवीकाठ
३० ऑगस्ट, सकाळी ७.४०

डिचोलीकर, २०२० ची खरेदी शंभर टक्के शहाणपणाची, मान्य. पण तेव्हा जग बंद होतं आणि तेल कोणाला नको होतं. स्वस्ताईत साठा भरणं सोपं. प्रश्न टंचाईतला आहे.

गळ्यात दोरी म्हणाल तर जपान आयईएचा संस्थापक सदस्य आहे आणि सखालिनचा रशियन वायू आजही घेतो. निर्बंध ही वेगळी गोष्ट, साठ्याचा नियम वेगळा. उलट नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिका, चीन, जपान यांच्याबरोबर आपणही ५० लाख पिंपं सोडायचं कबूल केलं होतं, सदस्य नसताना. म्हणजे जबाबदारी उचलायला आपण चालतो. निर्णयाच्या टेबलावर मात्र खुर्ची नाही.

आणि ती खुर्ची का मिळत नाही, याचं एक मजेदार कारण आहे. तिथली मतं देशाच्या तेलवापरावर मोजतात, आणि तो वापर धरलाय १९७३ चा! भारत-चीनला आजच्या वापराने मोजलं तर सगळं गणितच उलटतं. त्यामुळे ‘वाटाघाटी सुरू आहेत’ हे आपण अजून बरीच वर्षं ऐकणार. वर यंदा जुलैत अमेरिकेच्या ऊर्जामंत्र्यांनी दम दिलाय की संस्था सुधारा, नाहीतर आम्ही बाहेर पडू. त्यांचा राग अक्षय ऊर्जेच्या अंदाजांवर आहे.

विकणारे आणि घेणारे एकत्र बसतात असंही एक ठिकाण आहे, रियाधचा आंतरराष्ट्रीय ऊर्जा मंच. भारत त्यात आहे, २०१८ ची मंत्रिपरिषद दिल्लीतच झाली. पण तिथे आकडेवारी मिळते, तेल मिळत नाही.

---

तारवटी_वास्को
३० ऑगस्ट, दुपारी १.२०

सध्या सुट्टीवर घरी आहे, म्हणून लिहितो. मी टँकरवर सेकंड मेट. तुम्ही मंत्री आणि संस्थांचं बोलताय. जहाजावरून हा कारभार वेगळाच दिसतो.

होर्मुझची सामुद्रधुनी अरुंद ठिकाणी ३३ किलोमीटर. पण जहाजांना आत जायला एक पट्टा आणि बाहेर यायला एक, प्रत्येकी दोन सागरी मैलांचा. जगाच्या तेलवापराचा पाचवा हिस्सा, दिवसाला दोन कोटी पिंपं, त्या पट्ट्यांतून जातो. कतारचा एलएनजी तर सगळाच्या सगळा. सौदी आणि अमिरातीकडे थोडंफार तेल दुसऱ्या बाजूला काढायला पाइपलाइन आहेत. कतारच्या गॅसला दुसरं दारच नाही. मांडवीकाठबाब, तुमच्या बेतुलच्या सहीचा सगळा भार त्या दोन मैलांवर आहे हे लक्षात घ्या.

जूनमध्ये इस्रायल-इराणचं जुंपलं तेव्हा आम्ही अमिरातीतल्या फुजैरा बंदराच्या बाहेर नांगरावर. जीपीएस इतकं बिघडवलेलं की पडद्यावर जहाज सरळ जमिनीवर दिसायचं. ब्रिजवर मग जुन्या पद्धतीने काम: रडार, डोंगराचं बेअरिंग, कागदी नकाशा, आणि एक माणूस सतत बाहेर दुर्बीण घेऊन. १७ जूनला फ्रंट ईगल आणि अ‍ॅडालिन हे दोन टँकर त्याच भागात एकमेकांवर आदळले, आग लागली. सामुद्रधुनी बंद वगैरे झाली नाही. इराणच्या संसदेने ठराव केला, ब्रेंट (कच्च्या तेलाचा जागतिक भाव ज्यावर मोजतात ते तेल) ८१ डॉलरला शिवून आलं आणि युद्धविराम होताच पुन्हा सत्तरच्या खाली. टीव्हीवाल्यांनी विषय सोडला.

पण त्या दिवसांत जहाज जायचं की नाही हे ठरवलं कोणी? पॅरिसच्या आयईएनेही नाही आणि व्हिएन्नाच्या ओपेकनेही नाही. लंडनच्या विमा बाजाराने. तिथली एक समिती कुठला समुद्र ‘युद्धधोक्याचा’ ते जाहीर करते, मग प्रत्येक फेरीला जादा हप्ता. मालकाला परवडलं तर जहाज जातं. जगातल्या ९० टक्के जहाजांचा दायित्वाचा विमा बारा क्लबांच्या हातात आहे. रशियाच्या तेलावर जी-७ ने डिसेंबर २०२२ मध्ये ६० डॉलरची मर्यादा घातली तीसुद्धा नौदल पाठवून नाही, विमा रोखून. म्हणून मग ती जुनाट जहाजं निघाली, झेंडा दर महिन्याला वेगळा आणि विम्याचा कागद कुठला ते देव जाणे. तसलं एखादं आपल्या किनाऱ्यावर फुटलं तर भरपाई कोणाकडे मागणार? २०१९ मध्ये दोनापावलाला नाफ्था (पेट्रोलसारखं चटकन पेटणारं तेल) भरलेलं नुशी नलिनी जहाज अडकलं होतं तेव्हा पणजीत सगळ्यांचे प्राण कंठाशी आले होते. आठवतं ना?

---

सालकाठचा
३० ऑगस्ट, संध्याकाळी ६.०५

तारवटीबाब, दंडवत. असं वाचायला मिळतं म्हणून इथे येतो.

आम्ही कुटबणचे, शेजारीच बेतुल. आमचा ट्रॉलर १ ऑगस्टला पावसाळी मासेमारीबंदी उठली तेव्हा निघणार होता, पावसाने उशीर केला. फेरीला निघताना जेट्टीवर तीन गोष्टी चढतात: बर्फ, रेशन आणि डिझेल. पैकी डिझेल हा निम्म्याच्या वरचा खर्च. तांडेल (होडीचा प्रमुख) आधी विचारतो ‘टाकी किती?’ आणि त्यावर ठरतं जाळं कुठपर्यंत न्यायचं. डिझेल महाग झालं की मासळी संपत नाही, आम्ही तिच्यापर्यंत पोचत नाही एवढंच. मग जवळच्या पाण्यात सगळे गर्दी करतात आणि रापणकारांशी (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांशी) भांडणं. अमेरिकेच्या शुल्काने कोळंबीवाले रडतायत ते वेगळंच.

प्रश्न: तो ७४ दिवसांचा साठा संकटात आमच्या जेट्टीच्या पंपापर्यंत येणार कसा? गुहेत कच्चं तेल आहे, आम्हाला डिझेल लागतं.

---

मांडवीकाठ
३० ऑगस्ट, रात्री ८.३०

सालकाठचा, नेमका मुद्दा. गुहेतलं तेल पाइपने रिफायनरीत जातं, मंगळूरचं तर शेजारच्याच रिफायनरीत. तिथून डिझेल होऊन टँकरने वास्कोला किंवा रस्त्याने. म्हणजे गुहा जिथे तिथे रिफायनरीही हवी, आणि ती मंगळूरला आहे हे आपलं नशीब. पण वाटपात कोण आधी? रुग्णालयं, सैन्य, रेल्वे, मग ट्रॉलर. आयईएच्या सदस्यांना मागणी कशी कमी करायची याचा आराखडाही तयार ठेवावा लागतो. १९७३ च्या टंचाईत युरोपात काही देशांनी रविवारी गाड्या बंद ठेवल्या होत्या. आपल्याकडे असा आराखडा लोकांसमोर कोणी मांडलाय असं माझ्या पाहण्यात नाही.

---

अबोली_फोंडा
३१ ऑगस्ट, सकाळी ११.१०

तुम्ही सगळे तेलावरच अडलात. खरी पंचाईत गॅसची आहे आणि तिथे आयईएचासुद्धा ९० दिवसांचा नियम नाही.

माझं काम खतांच्या हिशोबाचं, त्यामुळे हे रोजच्या वाचनातलं. सांकवाळचा खत कारखाना आधी नाफ्थ्यावर चालायचा. दाभोळहून बंगळूरला जाणाऱ्या गॅसवाहिनीचा फाटा गोव्यात आला आणि तो नैसर्गिक वायूवर गेला. स्वस्त आणि स्वच्छ, छानच. पण दाभोळच्या टर्मिनलला लाटा अडवणारी भिंत पूर्ण नव्हती म्हणून बरीच वर्षं पावसाळ्यात जहाजच लागत नसे. देश म्हणून आपण किती अंदाज बांधून चालतो बघा: गॅस परदेशी, जहाज परदेशी, आणि धक्का पावसावर अवलंबून.

आता २०२२ ची गोष्ट. गेल या आपल्या सरकारी गॅस कंपनीचा रशियाच्या गाझप्रॉमच्या सिंगापूरच्या कंपनीशी वीस वर्षांचा करार होता. त्या कंपनीची मालकी गाझप्रॉमच्या जर्मन शाखेकडे. युद्ध सुरू झालं, गाझप्रॉमने जर्मन शाखा सोडून दिली, जर्मन सरकारने ताब्यात घेतली, रशियाने तिच्यावरच निर्बंध घातले. झालं, आपली जहाजं बंद. गेलला खत कारखान्यांचा पुरवठा कापावा लागला. ना भारताने युद्ध केलं, ना पैसे थकवले. खटला होऊन तडजोड कधी झाली? यंदा जानेवारीत, २८.५ कोटी डॉलरला. पैसे आले, पण २०२२ चा युरिया त्यातून होत नाही.

त्याच वर्षी युरोपने वाटेल त्या भावाने एलएनजी उचलला. काही विक्रेत्यांनी ठरलेल्या गिऱ्हाइकाला दंड भरून टाकला आणि तेच जहाज युरोपला वळवलं, तरी फायद्यात. पाकिस्तानने जुलै २०२२ मध्ये निविदा काढली, एकही बोली आली नाही. अंधार झाला. शेतकऱ्याला हे दिसत नाही कारण युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांनाच मिळते, बाकी अनुदानात जातं. त्या वर्षी खत अनुदान अडीच लाख कोटींवर गेलं.

मला विचाराल तर जागतिक ऊर्जा कारभारातलं सगळ्यात मोठं भोक हे आहे. तेलासाठी अर्धामुर्धा का होईना नियम आहे. गॅससाठी ज्याची थैली जड त्याचं जहाज. युरोपने स्वतःपुरता नियम केला: जून २०२२ मध्ये कायदा करून हिवाळ्याआधी भूमिगत साठे आधी ८० आणि मग ९० टक्के भरायची सक्ती. जपानने डिसेंबर २०२३ पासून हिवाळ्यात महिन्याला निदान एक जहाज राखीव धरायला सुरुवात केली. आपल्याकडे गॅसचा भूमिगत साठा नाहीच. आणि स्वयंपाकाच्या सिलिंडरचा सुमारे ६० टक्के गॅस बाहेरून येतो, बहुतेक आखातातून, तारवटीबाबांच्या त्या दोन मैलांमधून. विशाखापट्टणमच्या एलपीजी गुहेत साठ हजार टन मावतात. देशाला ते एक दिवसही पुरणार नाहीत.

---

डिचोलीकर
३१ ऑगस्ट, दुपारी १२.००

अबोलीताई, हे वाचून माझा मुद्दा उलट पक्का झाला. करार, संस्था सगळं कागदी. वेळ आली की प्रत्येक जण आपापलं बघतो.

---

अबोली_फोंडा
३१ ऑगस्ट, दुपारी १२.४०

म्हणूनच नियम हवा ना! १९७३ मध्येही प्रत्येक जण आपापलंच बघत होता. हॉलंडवर अरबांची तेलबंदी आली तेव्हा शेजारी देश उघड बाजू घ्यायला तयार नव्हते. त्या लाजेतूनच आणीबाणीत वाटून घ्यायचा करार निघाला. लोक चांगले होते म्हणून नाही, भाजले होते म्हणून.

---

नेत्रावळीकर
३१ ऑगस्ट, रात्री ९.१५

वाचतोय. एक बाजू राहिली. घराच्या छपरावर पॅनेल, सरकारी योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान. गोव्यात स्वतःची वीज जवळपास शून्य. आपला दिवा पेटतो तो कोरबा, विंध्याचल आणि रामगुंडमच्या कोळशावर. मुरगाव बंदरातून जो कोळसा वाहतो तो तर आपल्या विजेसाठीही नाही, कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांसाठी. आपल्या वाट्याला धूळ. मग सूर्य का नको?

कोणीतरी म्हणेलच की पॅनेल चीनची. खरं आहे, पॅनेल बनवण्याच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांवर. यंदा एप्रिलमध्ये त्यांनी दुर्मिळ खनिजांची निर्यात आवळली तेव्हा आपले वाहन कारखाने घाबरले. पण फरक बघा. तेल रोज जळतं, रोज नवं जहाज लागतं. पॅनेल एकदा छपरावर चढलं की पंचवीस वर्षं. चीनने उद्या विकणं बंद केलं तरी कालचं पॅनेल आजही वीज देईल.

सहकार्याचं म्हणाल तर मला २०४८ च्या करारापेक्षा एक छोटी गोष्ट मोठी वाटते. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेपाळची ४० मेगावॅट वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशला गेली. ४० मेगावॅट म्हणजे काहीच नाही. पण ढाक्यात सरकार बदललं होतं, दिल्ली-ढाका संबंध ताणलेले होते, तरी करार झाला आणि वीज वाहिली.

---

डिचोलीकर
३१ ऑगस्ट, रात्री ९.५०

छपराने कारखाने चालत नाहीत. वीज हवी तर तार हवी, आणि तार म्हटली की तुम्हीच मोलेत ४०० केव्हीच्या लाइनला आडवे! तमनारची लाइन, सांगोडचं सबस्टेशन, सगळं अडवून झालं.

---

नेत्रावळीकर
३१ ऑगस्ट, रात्री १०.०५

लाइनला नाही हो, जंगलातून नवा पट्टा कापायला. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीनेच २०२१ मध्ये सांगितलं होतं की आधीच्या २२० केव्हीच्या मार्गानेच न्या. वाचा जरा.

---

डिचोलीकर
३१ ऑगस्ट, रात्री १०.०८

वाचलंय. तुम्हीच पूर्ण वाचा.

---

संपादक मंडळ
३१ ऑगस्ट, रात्री १०.३०

मोलेच्या लाइनवरचे पुढचे प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. वैयक्तिक शेरे टाळावेत. हा धागा साठा, वायू आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य यांपुरता ठेवावा.

---

मांडवीकाठ
१ सप्टेंबर, सकाळी ८.००

आभार संपादक.

अबोलीताईंचा प्रतिसाद वाचल्यावर माझं मूळ म्हणणं अपुरं वाटतं. तेलाच्या ९० दिवसांपाशी मी थांबलो होतो. आपल्याला पॅरिसला जाऊन बसायचंच असेल तर १९७३ च्या मतांवर भांडण्यापेक्षा गॅसचा नियम मांडत बसावं: टंचाईत ठरलेलं जहाज वळवलं तर दंड विक्रेत्याच्या नफ्याहून जास्त, आणि आशियाच्या ग्राहकांनी मिळून राखीव जहाजं. भारत, जपान, कोरिया, बांगलादेश, पाकिस्तानसुद्धा. पाकिस्तान म्हटल्यावर डिचोलीकर तुटून पडतील, पडोत. २०२२ मध्ये अंधार झाला तो आपल्याच दर्यावर.

जानेवारीत बेतुलला जायला जमलं तर तिथल्या कोणाला तरी हे विचारायचा विचार आहे. कतारच्या करारात जहाज न आल्यास काय, हे जाहीर का नाही? देशात गॅसची पहिली भूमिगत साठवण कधी? आणि एलपीजीच्या साठ्याचे दिवस किती? आणखी सुचवा.

---

तारवटी_वास्को
१ सप्टेंबर, सकाळी १०.२५

जानेवारीत मी बहुतेक जहाजावर असेन, तेव्हा माझाही विचारून घ्या. रशियन तेल आणणाऱ्या जहाजांसाठी आपल्या नौवहन महासंचालनालयाने काही रशियन विमा कंपन्यांना मान्यता दिलीय. उद्या त्यांतलं एखादं मुरगावपाशी फुटलं तर त्या कंपनीकडून पैसे कुठल्या बँकेतून येणार? बँकांवर निर्बंध आहेत. आणि सालकाठच्यांच्या जाळ्यांची भरपाई कोणत्या चलनात?

---

सालकाठचा
१ सप्टेंबर, सकाळी १०.४०

चलन कुठलंही चालेल, तुम्ही फक्त विचारा. बेतुलला जायला होडी हवी तर आमची आहे, त्या आठवड्यात रस्त्याने पोचणार नाही तुम्ही.